ब्रँड उभा करताना या चुका टाळा: घरात जे खपत नाही, ते ग्राहकही खपवून घेत नाही

जाहिरात जोरात आहे, लोगो देखणा आहे, तरी ग्राहक एकदा येतो आणि पुन्हा फिरकत नाही. अशा वेळी घोषवाक्य बदलण्याआधी घरात विश्वास कसा बसतो आणि कसा उडतो, ते बघा.

शब्द देऊन विसरणं

"रविवारी नक्की जाऊ" असं मुलाला सांगितलं आणि रविवारी तुम्ही फोनला चिकटलात. पहिल्यांदा ते हट्ट करतं, पुढच्या वेळी रुसतं. मग विचारणंच सोडून देतं, आणि आपल्याला वाटतं, चला, समजूतदार झालं! तक्रारी कमी झाल्या म्हणून खूश होणाऱ्या मालकाची हीच गत होते. तक्रारींबरोबर पुन्हा येणारी गिऱ्हाइकंही घटली असतील, तर लोकांनी तुमचा नाद सोडलाय. घरचं माणूस रुसलं तरी घरातच असतं. ग्राहक निघून जातो आणि कारणही सांगत नाही.

वेबसाइटवर, बिलावर, फोनवर दिलेला प्रत्येक शब्द एका कागदावर उतरवून काढा. "२४ तासांत उत्तर" जमत नसेल, तर "दोन दिवसांत" लिहा आणि ते पाळा.

आईचं एक, बाबांचं भलतंच

परवानगी कुणाकडे मागायची, हे मुलांना बरोबर कळतं. दुकानातही तेच होतं: विकणारा म्हणतो "आवडलं नाही तर परत घेऊ", तक्रार ऐकणारा नियमावर बोट ठेवतो. माल परत घेण्याचा नियम दोघांना समोरासमोर बसवूनच ठरवा.

आपल्याला कंटाळा आला म्हणून बदल

कोका-कोलाने १९८५ साली मूळ चव बदलली. चाचण्यांत नवी चव लोकांना जास्त आवडली होती, तरी इतका संताप उसळला की तीन महिन्यांच्या आत जुनी चव परत आणावी लागली. सवयीत आपलेपणा असतो आणि तो चाचणीत मोजता येत नाही. बदल करायचाच असेल, तर जुन्या ग्राहकांना आधी विश्वासात घ्या.

चूक झाकणं

मला ही सगळ्यांत घातक वाटते. १९८२ मध्ये शिकागो परिसरात टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूलमध्ये कुणीतरी सायनाइड मिसळलं आणि सात जणांचा जीव गेला. विष कंपनीने घातलं नव्हतं. तरीही हे औषध बनवणाऱ्या जॉन्सन अँड जॉन्सनने सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत मागवल्या आणि पुढे छेडछाड लगेच ओळखू येईल अशा वेष्टनात औषध पुन्हा बाजारात आणलं. लोकांनी ते पुन्हा घेतलं. चूक तुमचीच असेल, तर "काय झालं, आम्ही काय करतोय, तुम्ही काय करा" एवढं त्याच दिवशी सांगा. "गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत" एवढ्यावर भागवू नका.

पाहुण्यांचे लाड, घरच्यांची आबाळ

नव्या ग्राहकाला सवलत आणि वर्षानुवर्षं येणाऱ्याला पूर्ण दर, हे जुन्याला कळतंच आणि ते मनाला लागतं. पुढची सवलत जाहीर करण्याआधी जुन्या ग्राहकांची यादी काढा आणि पहिला फोन त्यांना करा.