गाडीचा टायमिंग बेल्ट (क्रँक आणि कॅम यांची फिरण्याची वेळ जुळवणारा दातेरी पट्टा) आणि क्लच घरी बदललात आणि गाडी सुरू होईना?

आधी सेल्फ मारणं थांबवा. बेल्ट चुकीच्या दातावर बसला असेल, तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात आणि मग इंजिनाचं हेड, म्हणजे वरचा भागच उघडावा लागतो.

इंदूरला रामबागेत आमच्या अंगणात मी हे काम केलं, तेव्हा सगळ्यात उपयोगी पडला तो साधा पाना. स्पार्क प्लग काढा, गाडी न्यूट्रलला ठेवा आणि क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) बोल्टवर पाना लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने पूर्ण 2 फेरे हाताने फिरवा. क्रँकच्या 2 फेऱ्यांत कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) 1 फेरा घेतो, म्हणून दोन्हींच्या चाकांवरच्या टायमिंगच्या सगळ्या खुणा पुन्हा जुळायलाच हव्यात. मध्येच कडक अडलं तर जोर लावू नका, बेल्ट परत बसवा. एका दाताचा फरक असेल तर गाडी बऱ्याचदा सुरू होते, पण ओढत नाही.

खुणा जुळल्या तरी सुरू होत नाही? मग गिअरबॉक्सकडे बघा. क्लचसाठी तो उतरवताना बऱ्याच गाड्यांत क्रँक सेन्सरचा (क्रँकचं फिरणं ओळखणारा) वायरचा प्लग काढलेला असतो, तो लावायचा राहतो. माझ्याकडून अर्थिंगची (इंजिन-गिअरबॉक्स बॉडीला जोडणारी) जाड पट्टी लावायची राहिली होती; सेल्फ नुसता कण्हत होता.

गाडी सुरू झाली, पण क्लचचं पेडल मऊ लागत असेल तर बहुधा तेलाच्या लाइनमध्ये हवा आहे, ब्लीड करा, म्हणजे ती हवा काढा. क्लच केबलवाला असेल तर केबलचा ताण बघा. हे ठीक असूनही गिअर पडत नसेल, तर क्लच प्लेट उलटी बसल्याची शक्यता मोठी. क्लच सोडताना गाडी थरथरत असेल तर बऱ्याचदा प्लेटला ग्रीसचा हात लागलेला असतो.