लॅब आणि ग्राउंड दोन्ही करताय? मग या चुका टाळा

नवीन सेम सुरू झाला की बेळगावच्या व्हॅक्सिन डेपो ग्राउंडवर सकाळी नवीन चेहरे दिसायला लागतात. बीएस्सी फर्स्ट इयरची पोरं-पोरी, कुणाला इंटर कॉलेज पळायचंय, कुणाला युनिव्हर्सिटी ब्लू म्हणजे युनिव्हर्सिटीच्या टीममध्ये निवड पाहिजे, कुणाला भरतीची 1600 मीटर काढायचीय. आणि महिनाभरात दरवर्षी त्याच तक्रारी. "अक्का, चक्कर यायलीय." "अक्का, नळीला (नडगीला) दुखायलंय." "अक्का, अटेंडन्स कमी पडली, आता काय करू?" मी खानापूर तालुक्यातली, केमिस्ट्रीवाली, 1500 मीटर पळते, सध्या एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. यातल्या निम्म्या चुका मी स्वतः केल्यात आणि उरलेल्या डोळ्यांसमोर होताना बघितल्यात. एकेकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदा लिहूनच काढते.

प्रॅक्टिकलच्या दिवशी उपाशीपोटी जोरात पळणं

हे पहिलं, कारण याची किंमत मी मोजलीय. थर्ड सेमची केमिस्ट्री प्रॅक्टिकल परीक्षा होती आणि झोनल स्पर्धा दहा दिवसांवर आलेली. जर्नल अर्धवट होतं म्हणून रात्री दोनपर्यंत बसून पूर्ण केलं, साडेपाचला उठून ग्राउंडवर गेले आणि 400 मीटरचे आठ रिपीट मारले, कारण एक दिवस चुकला तर स्पीड जाईल अशी भीती. रूमवर आले, आंघोळ केली, चहा आणि दोन टोस्ट एवढ्यावर निघाले, त्यात रेल्वेचं दुसरं गेट पडलेलं, मालगाडी जाईपर्यंत उभी राहिले आणि मग बॅग छातीशी धरून कॉलेजपर्यंत पळत.

चिठ्ठी उचलली, पोटॅशियम परमँगनेट आणि ऑक्झॅलिक ॲसिडचं टायट्रेशन, म्हणजे एका द्रावणात दुसरं थेंबाथेंबानं सोडून रंग बदलतो ती वेळ (एंड पॉइंट) पकडायची. हे मी झोपेत करून दाखवलं असतं. पिपेटनं 10 मिली ऑक्झॅलिक घेतलं, फ्लास्क गरम केला, ब्युरेटमधून (खुणा आणि तोटी असलेल्या उभ्या काचेच्या नळीतून) परमँगनेट सोडायला लागले. फिकट गुलाबी रंग यायला पाहिजे होता, त्याच्याऐवजी फ्लास्कमध्ये चहासारखा तपकिरी गढूळपणा उतरला. मी त्या फ्लास्ककडे बघत राहिले आणि काय चुकलंय ते आठवेचना. डायल्यूट सल्फ्युरिक ॲसिड घालायचंच राहिलं होतं. ॲसिड नसलं किंवा कमी पडलं की मँगनीज +7 वरून +2 पर्यंत पोचत नाही, मध्येच +4 ला अडकतं आणि मँगनीज डायऑक्साइडचा तपकिरी साका तयार होतो. हे उत्तर मी व्हायवात दिलेलं होतं, मैत्रिणींना समजावलेलं होतं. दुसऱ्या वेळी ॲसिड घातलं पण हाताला इतका कंप होता की ब्युरेटची तोटी हळू फिरेना, एकदम मिलीभर सुटलं आणि एंड पॉइंट पार गेला. तिसऱ्या वेळी फ्लास्क पुरेसा गरम नव्हता, रंग जाईचना. एकमेकांशी जुळणारी दोन रीडिंग मिळायच्या आधी वेळ संपली. पास झाले, पण त्या सेमचे मार्क गेले ते गेलेच.

होतं काय, की रात्रभर पोटात काही नसतं, लिव्हरमधला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा साठा सकाळपर्यंत बराच उतरलेला असतो, वरून जोराचे रिपीट मारले की स्नायूंमधलाही खर्च होतो, आणि मेंदूला तर सतत ग्लुकोज पाहिजे. त्यात झोप साडेतीन तास. दिवसभर वाचलेलं पक्कं व्हायचं काम झोपेतच होतं आणि पायांची दुरुस्तीपण झोपेतच, म्हणजे जागून जर्नल लिहिलं तेव्हा मी अभ्यास आणि पळणं दोन्हीतून एकदमच कापून घेतलं. या वयाला सात ते नऊ तास झोप लागते, आणि "मला पाच तास पुरतात" असं म्हणणारी पोरं लेक्चरला मागच्या बाकावर मान टाकलेली मी रोज बघते.

माझी आताची सवय सांगते. पळायच्या आधी अर्धं केळं नाहीतर दोन खजूर, एवढंच. पळून आल्यावर तासाभरात खरं जेवण, म्हणजे नाचणीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि दही, किंवा घाई असेल तर आदल्या रात्री करून ठेवलेली आंबील आणि दोन उकडलेली अंडी. टोस्ट म्हणजे नाश्ता नव्हे. प्रॅक्टिकल परीक्षेच्या दिवशी फक्त वीस मिनिटं सावकाश पळायचं, स्पीड अजिबात नाही. आणि लॅबच्या टेबलापाशी उभं राहिलं की मनातल्या मनात तोच क्रम म्हणते, ब्युरेट धुतली, बुडबुडा काढला, फनेल काढलं, ॲसिड घातलं, गरम केलं. वेळ लागतो पंधरा सेकंद.

तिथंच अजून एक. परमँगनेटचा रंग गडद असतो, खालचा मेनिस्कस (द्रावणाच्या वाकलेल्या पृष्ठभागाचा तळ) दिसत नाही, म्हणून वरची कड वाचायची, आणि ब्युरेट स्टँडला उंच लावलेली असेल तर टाचा उचलून वाचू नका, स्टूल घ्या किंवा ब्युरेट खाली घ्या. डोळा बरोबर रेषेला पाहिजे.

पावडरचे डबे

जिममधल्या कुणीतरी सांगितलं म्हणून प्री-वर्कआउट, फॅट बर्नर, "ताकदीचं इंजेक्शन" असलं काही घेऊ नका. मला याची खरंच चीड येते. दोन महिने ग्राउंडवर नीट आला नाही तो पोरगा तीन हजाराचा डबा घेऊन येतो आणि विचारतो, किती दिवसात फरक पडेल. डब्यावर लिहिलेलं आणि आत असलेलं एकच असेल याची खात्री नसते, आणि डोपिंग टेस्टमध्ये बंदी असलेलं काही सापडलं तर जबाबदारी खेळाडूचीच, "मला माहीत नव्हतं" म्हणून सुटका होत नाही. बंदीची यादी दरवर्षी 1 जानेवारीपासून नवीन लागू होते. 100 ग्रॅम शेंगदाण्यात साधारण 25 ग्रॅम प्रोटीन असतं, 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, आणि हे दोन्ही आपल्या घरात पोत्यानं असतं.

जेवणाबरोबर चहा नको, लोह अंगी लागत नाही. तासभर थांबा. पोह्यावर लिंबू पिळा.

पोरींनो, ट्रेनिंग वाढवल्यावर पाळी तीन महिने आली नाही तर "बरं झालं, कटकट गेली" असं म्हणू नका. शरीराला खाणं कमी पडतंय आणि हाडं ठिसूळ व्हायला लागतायत याची ती खूण असू शकते. आईला सांगा, डॉक्टरांकडे जा.

रोज जोरात पळणं आणि नळीचं दुखणं लपवणं

आमच्या ग्रुपमध्ये उचगाव भागातला एक पोरगा होता, फिजिक्सवाला, खरंच चांगला पळणारा. सकाळी आमच्याबरोबर ग्राउंडवर आणि संध्याकाळी गावात गेला की भरतीवाल्या पोरांबरोबर डांबरी रस्त्यावर परत. आठवड्याचे सातही दिवस, दोन्ही वेळा फुल जोर. मी म्हटलं, एक दिवस थांब की. म्हणाला, "अक्का, ते लोक रोज पळतात, मी थांबलो तर मागं पडतो." महिनाभरात त्याचं टायमिंग जबरदस्त उतरलं आणि मला बोलायला तोंडच राहिलं नाही.

मग नळीला दुखायला लागलं. त्यानं स्प्रे मारला, पट्टी गुंडाळली, मेडिकलमधून गोळी आणली आणि गोळी खाऊन पळत राहिला. गोळीनं दुखणं कळायचं थांबतं, हाडावरचा मार थांबत नाही. दोन आठवड्यांनी तो जिना उतरताना कठडा धरायला लागला तेव्हा मी त्याला पायरीवर बसवलं आणि नळीवरून बोट फिरवलं. नळीच्या आतल्या कडेला लांबच्या लांब हातभर दुखत असेल तर बहुतेक वेळा ते ओढाताणीचं दुखणं असतं, आराम दिला की उतरतं. पण एकाच जागी, एका बोटाखाली, रुपयाएवढ्या ठिकाणी कळ येत असेल, रात्री झोपल्यावरही ठणकत असेल, तर ते वेगळं. त्यानं माझा हात झटकला इतकी कळ आली. एक्स-रे काढला तर नॉर्मल. त्याला वाटलं सुटलो, परत पळाला. स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या मारानं हाडाला पडलेली बारीक चीर, सुरुवातीला एक्स-रेत बऱ्याचदा दिसतच नाही, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. शेवटी एमआरआय केला तेव्हा चीर दिसली आणि आठ आठवडे पळणं बंद.

झोनल तर गेलीच. पण त्याच्याहून जास्त त्रास लॅबचा झाला. लॅब दुसऱ्या मजल्यावर, तीन तास उभं राहायचं, पायाला ते जमेना, म्हणून प्रॅक्टिकल बुडायला लागली आणि सेमच्या शेवटी तो अटेंडन्ससाठी केबिनच्या दाराबाहेर उभा. पाय एकच असतो ना, तोच ग्राउंडवर आणि तोच लॅबमध्ये.

कारण साधं आहे. दम लवकर वाढतो, तीन-चार आठवड्यांत फरक कळतो, पण हाड मजबूत व्हायला महिने लागतात. दम म्हणतो पळ, हाड अजून तयार नसतं. नवीन पोरांचं नेमकं इथंच चुकतं, दुसऱ्या महिन्यात आपण उडायला लागलोय असं वाटतं.

मी आठवड्यात दोनच दिवस जोरात पळते, मंगळवार आणि शुक्रवार, कारण माझी लॅब सोमवारी आणि गुरुवारी असते. बाकी दिवस इतकं सावकाश की शेजारणीबरोबर बोलत पळता आलं पाहिजे, वाक्य तुटलं तर स्पीड जास्त झाला. रविवारी पूर्ण सुट्टी. तुमचं टाइमटेबल वेगळं असेल, तुमचे दिवस तुम्ही ठरवा, पण आधी लॅबचे दिवस लिहा आणि मग पळायचे. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे पाऊस थांबत नाही, लाल मातीचा चिखल होतो आणि सगळे डांबरी रस्त्यावर उतरतात, नळीच्या तक्रारी तेव्हाच सुरू होतात. मी त्या दिवसांत पळणं कमी करते आणि घरातच पोटाचे, पिंढरीचे व्यायाम करते. स्पीड कुठं पळून जात नाही.

रॉजर बॅनिस्टर मेडिकलचा विद्यार्थी होता. 6 मे 1954 ला सकाळी लंडनच्या हॉस्पिटलमध्ये गेला, तिथल्या लॅबमध्ये स्पाइक्सना (पळायच्या बुटांच्या खिळ्यांना) धार लावली, ट्रेननं ऑक्सफर्डला गेला आणि संध्याकाळी 3 मिनिटं 59.4 सेकंदात एक मैल पळाला, चार मिनिटांच्या आत पळणारा पहिला माणूस. त्याआधीचे काही दिवस त्यानं पळणं पूर्ण बंद ठेवलं होतं. दुपारच्या सुट्टीत सराव करायचा, तेवढाच वेळ त्याच्याकडे होता. एक दिवस थांबायला घाबरणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगते.

मॅच झाल्यावर लेटर द्यायला जाणं

स्पर्धेला जायच्या आधी पीडी (फिजिकल डायरेक्टर) सरांकडून लेटर घ्या आणि एचओडी आणि लॅबवाले सर, दोघांनाही कॉपी द्या, एक कॉपी स्वतःकडे ठेवा. परत आल्यावर मेडल दाखवून अटेंडन्स मागायला गेलात तर सरांनाही काही करता येत नाही, 75 टक्क्यांचा हिशेब रजिस्टरवर होतो. मी अजून एक करते, त्या आठवड्यात बुडणारं प्रॅक्टिकल दुसऱ्या बॅचला कधी आहे ते आधीच विचारून ठेवते आणि त्यांच्यात जाऊन उभी राहते. आजपर्यंत कुणी नाही म्हटलं नाही.

नोटीस बोर्डावर बऱ्याच वेळा कन्नडमध्ये लिहिलेलं असतं. कळत नसेल तर फोटो काढून कन्नड येणाऱ्या मैत्रिणीला लगेच दाखवा, "नंतर विचारू" करता करता एंट्रीची तारीख गेलेली मी बघितलीय. आणि वाचायला शिका, अक्षरं यायला सुट्टीचा एक महिना पुरतो.

मराठी मीडियमवाल्यांची पाठांतराची घाई

दहावीपर्यंत मराठीत शिकून एकदम इंग्लिशमध्ये सायन्स आलं की पोरं डेफिनिशन तोंडपाठ करायला लागतात, अर्थ न कळता. प्रॅक्टिसवरून दमून आलेल्या डोक्यात असलं पाठांतर दोन दिवसही टिकत नाही. मी आधी ते मराठीत, आपल्या घरच्या भाषेत, मोठ्यानं सांगते, आईला सांगितल्यासारखं, आणि मग इंग्लिशमध्ये एकदाच लिहिते. गावाकडून ये-जा करणाऱ्यांसाठी, बसमध्ये वाचायचं ठरवून वेळापत्रक बनवू नका. जून 2023 पासून बायकांना बस फ्री झाली, फार चांगलं झालं, पण सकाळच्या बसला वही उघडायला जागा नसते. मी रात्री माझ्याच आवाजात रेकॉर्ड करून ठेवते आणि उभ्यानं ऐकते.

बाकी राहिलेलं. जर्नल त्याच दिवशी लिहा. ग्राउंडवरून थेट चप्पल आणि शॉर्ट्सवर केमिस्ट्री लॅबमध्ये येऊ नका, ॲसिडचा एक थेंब पुरतो. बूट झिजले की बदला, मैत्रिणीचे घालून पळू नका. नवीन स्पाइक्स झोनलच्या दिवशी पहिल्यांदा घालू नका, आधी तीन-चार वेळा घालून पळा, टाचेला फोड कुठं येतो ते कळतं आणि तिथं आधीच टेप लावता येतो. छातीवरच्या नंबरसाठी चार सेफ्टी पिना आदल्या रात्रीच बॅगच्या छोट्या कप्प्यात टाका.