राजकारणावर वाद घालताना या चुका टाळा

निवडणूक जवळ आली की आमच्या वाचनालयात संध्याकाळी चर्चा ठेवतात, शिक्षक, दुकानदार, शेतकरी, कॉलेजची पोरं सगळे येतात, आणि ती चर्चा सांभाळायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. माणसं बदलतात, पक्ष बदलतात, चुका मात्र त्याच. आणि त्याने नुकसान होतं, खरंखुरं नुकसान, म्हणून हे लिहितोय.

अर्धी क्लिप बघून निकाल देणं

माझा सगळ्यात जास्त राग यावर आहे. मागे जिल्हा परिषदेच्या प्रचारात गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक क्लिप आली. उमेदवार माईकवर म्हणतोय, "शेतकऱ्याला फुकटची सवय लागलीय, कर्जमाफी बंदच करा." बस, एवढंच, पुढे कट. रात्री जेवणं झाल्यावर आली आणि तासाभरात लोक त्या माणसाच्या आईबापावर गेले. ग्रुपमध्ये दोघं चुलतभाऊ, बांधाला बांध लागून शेत, एक त्या उमेदवाराचा कार्यकर्ता आणि क्लिप टाकणारा दुसरा. "तू किती घेतलेस" इथून सुरू झालं ते बांधाच्या जुन्या भांडणावर आलं, मग वडिलांच्या आजारपणात कोण दवाखान्यात आलं आणि कोण नाही, सगळं बाहेर, आणि हे दीडदोनशे लोक वाचतायत.

दुसऱ्या दिवशी मी अख्खं भाषण शोधलं, कुणीतरी फेसबुकवर लाइव्ह केलेलं होतं. क्लिपच्या लगेच आधीचं वाक्य होतं, "शहरात बसून काही लोक काय म्हणतात माहितीये का..." आणि क्लिपनंतर बराच वेळ तो माणूस त्याच म्हणण्याचे वाभाडे काढत होता. म्हणजे ज्या वाक्यासाठी शिव्या पडल्या ते त्याचं नव्हतंच. मी लिंक टाकली, कितव्या मिनिटाला ऐकायचं तेही लिहिलं. दोघातिघांनी अंगठा दिला, बाकी गप्प. ज्याने क्लिप टाकली त्याने ती डिलीट केली पण "चुकलं" हा एक शब्द लिहिला नाही, आणि नंतर चुलतभावाच्या पोरीच्या हळदीला त्याच्या घरचं कुणी गेलं नाही.

माझी सवय साधी आहे, आधीचं आणि नंतरचं वाक्य ऐकल्याशिवाय त्या क्लिपवर तोंड उघडायचं नाही. संसदेतलं भाषण असेल तर संसद टीव्हीवर पूर्ण मिळतं. नाहीच सापडलं तर नाही बोलायचं. पोरं म्हणतात, "सर तोवर विषय थंड होतो." होऊ द्या ना! तासभर थांबल्यावर जो विषय थंड होतो तो बहुतेक वेळा विषय नसतोच. आणि चुकीचं टाकलंत तर दुरुस्ती त्याच ग्रुपवर, आपल्या नावाने टाका, गुपचूप डिलीट करणं म्हणजे दुरुस्ती नव्हे.

"तेव्हा कुठे होतात?"

आपल्या पक्षावर प्रश्न आला की लोक उत्तर न देता उलट हेच विचारतात, त्यांच्या राज्यात हेच झालं तेव्हा कुठे होतात. आधी समोरच्या प्रश्नाचं उत्तर द्या, मग खुशाल विचारा.

वेगळं बोलला म्हणजे विकला गेला

हे मला सहन होत नाही. कर्जमाफीला विरोध केला की बँकेचा दलाल, बाजूने बोललं की मतांचा भिकारी. अरे, माणसाला प्रामाणिकपणे वेगळं वाटू शकतं हे मान्यच नसेल तर चर्चा कशाला ठेवायची?

संविधान सभेत मसुद्यावर 7,635 दुरुस्त्या दाखल झाल्या, त्यातल्या 2,473 प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. सभेचे सदस्य के. टी. शहांना 'सेक्युलर' आणि 'सोशॅलिस्ट' हे शब्द तेव्हाच घालायचे होते, सभेने नाही मानलं. मसुद्यातल्या आणीबाणीच्या कलमांवर दुसरे सदस्य ह. वि. कामत तुटून पडले होते. आणि 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात बाबासाहेबांनी काय केलं? सगळ्यांनी पक्षशिस्त पाळली असती तर हे कामकाज कंटाळवाणं झालं असतं असं सांगून बंडखोरांची नावं घेतली, त्यात कामत, शहा, आपले विदर्भाचे पंजाबराव देशमुख, कुंझरू, आणि म्हणाले की त्यांच्या सूचना मी स्वीकारल्या नाहीत म्हणून त्यांचं मोल कमी होत नाही, मी त्यांचा आभारी आहे, त्यांच्यामुळे मला घटनेमागची तत्त्वं समजावून सांगता आली. त्या भाषणातलं विभूतिपूजेबद्दलचं वाक्य प्रत्येक जण फॉरवर्ड करतो, हा भाग कुणी करत नाही. माझ्या मते पहिल्यांदा वाद घालणाऱ्याने आधी हा भाग वाचावा.

वाचनालयात मी एक करतो. उत्तर द्यायच्या आधी समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगायचं आणि विचारायचं, "हेच म्हणताय ना?" तो "हो" म्हणाला तरच पुढे. नवीन पोरं वैतागतात, त्यांना रीलमध्ये बघितलेल्या ट्रिका वापरून दोन मिनिटांत समोरच्याला गप्प करायचं असतं. पण गप्प बसलेला माणूस पटलेला नसतो, तो पुढच्या वेळी फक्त येत नाही.

घरच्यांवर जाणं

निवडणूक आयोगाच्या आदर्श आचारसंहितेत पहिल्याच भागात लिहिलंय, टीका धोरण, कार्यक्रम, आधीची कामगिरी आणि काम यावर करा, सार्वजनिक कामाशी संबंध नसलेल्या खाजगी आयुष्यावर नको. जुन्या काळचे वाद फार सोज्वळ होते असंही समजू नका, पुण्यात आगरकरांची ते जिवंत असताना प्रेतयात्रा काढली होती. तेव्हाही ते वाईटच होतं.

वर्ष न सांगता आकडा फेकणं

कुठल्या वर्षाचा, कुणी काढलेला, हे सांगता येत नसेल तर तो आकडा बोलूच नका.

न कळवता आरोप

लोकसभेच्या नियमावलीत 353 नंबरचा नियम आहे, कुणावर बदनामीकारक आरोप करायचा तर अध्यक्षांना आणि संबंधित मंत्र्यांना आधी कळवावं लागतं, म्हणजे चौकशी करून उत्तर देता येईल. मला हा नियम फार आवडतो आणि मी तो गावातही लावतो. एका पोराला ग्रामसभेत पाणीपुरवठ्याच्या बिलांवरून आरोप करायचा होता, मी म्हटलं आधी ग्रामपंचायतीला लेखी कळव. तो चिडला, "ते सावध होतील ना!" शेवटी कळवलं. ग्रामसभेला भाऊसाहेब, म्हणजे ग्रामसेवक, फाइल घेऊनच आले. मोटार दुरुस्तीचं बिल बरोबर निघालं, पोराने तिथल्या तिथे मान्य केलं. पण एकाच महिन्यात पाइपची दोन बिलं होती आणि पाइप एकदाच आलेला, त्याला भाऊसाहेबांकडे उत्तर नव्हतं. आरडाओरडा झाला नाही, चौकशीचा ठराव झाला, आणि सरपंचांच्या बाजूच्या लोकांनीही हात वर केले.