सिनॉप्सिस लिहायला बसण्याआधी

सिनॉप्सिस म्हणजे प्रबंधाचा आराखडा. सोलापुरात पीएसएमची (सामाजिक वैद्यकशास्त्राची) पीजी करणाऱ्यांच्या वहीत त्यासाठीचा पहिला विषय बहुतेकदा हाच असतो: ‘विडी कामगार महिलांच्या आरोग्य समस्या’. विषय जिव्हाळ्याचा आहे, पण तो प्रश्न नव्हे. म्हणून गाईडकडे जाण्याआधी एक दुपार विडी घरकुलात (विडी कामगारांच्या वसाहतीत) किंवा कुंभारीच्या तशाच वस्तीत घालवा, तीही फॉर्म न घेता. भिजवलेली पानं, मांडीवर तंबाखूचं सूप, शेजारी खेळणारं पोर, हजार विड्यांच्या हिशेबाने मिळणारी मजुरी हे सगळं पाहिलं, बायकांचं ऐकलं, की नेमकं काय मोजायचं ते सुचतं. समजा, रक्तक्षय ठरला.

आता कोणाचा रक्तक्षय, ते लिहा. वय १८ ते ४५, गरोदर नसलेल्या, किमान पाच वर्षं विडी वळणाऱ्या, शहरातल्याच. गरोदर बाईची हिमोग्लोबिनची मर्यादा वेगळी असते (डेसिलिटरमागे ११ ग्रॅम, इतरांची १२), त्यामुळे दोघींना एकाच फॉर्मात कोंबू नका.

सगळ्यात जास्त वेळ द्या तुलनेला. ‘विडी न वळणाऱ्या महिला’ असं लिहिणं सोपं, पण त्या सापडणार कुठे? कारखान्याचं कार्ड सासूच्या नावावर असतं आणि संध्याकाळी सून, शाळेतून आलेली मुलगी असं सगळं घर हजार पुरे करायला बसतं. तंबाखूची धूळ त्याच खोलीत, स्वयंपाकही तिथेच. म्हणजे कार्ड नसलेली बाई ‘न वळणारी’ ठरत नाही. लांबच्या सुखवस्तू कॉलनीतल्या बायका घेतल्या, तर फरक विडीचा की ताटातल्या अन्नाचा, हे कळणार नाही. त्याच वस्तीत धुणीभांडी किंवा शिवणकाम करणाऱ्या, ज्यांच्या घरात कोणीच विडी वळत नाही अशा बायका शोधा आणि ही अट प्रश्नातच घाला. आणखी एक मेख आहे: ज्यांना झेपलं नाही त्यांनी काम सोडलेलं असतं. फक्त आज वळणाऱ्या मोजल्या, तर आजारी पडून थांबलेल्या निसटतात. त्यांचं काय करणार, ते आधीच ठरवा.

मोजमापाचं मी स्वतः चुकून शिकले. माझ्या पहिल्या फॉर्मात ‘अशक्तपणा येतो का?’ असा प्रश्न होता. जवळजवळ प्रत्येकीने हो म्हटलं आणि त्या हो मधून काहीच निघालं नाही. घरात तेलुगू बोलणाऱ्या बाईला थकवा, चक्कर आणि दम लागणं वेगवेगळं विचारावं लागतं. रक्तक्षय म्हणजे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमपेक्षा कमी, हे आकड्यात लिहा. रक्त बोटातून की शिरेतून, तेही लिहा. एनएफएचएस-५ चे (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीचे) आकडे बोटातल्या रक्ताचे आहेत, शिरेतल्या रक्ताशी त्यांची सरळ तुलना होत नाही.

शीर्षकात ‘परिणाम’ शब्द असेल तर खोडा. एकाच वेळी भेटून, एकदाच रक्त घेऊन विडीमुळे रक्तक्षय झाला असं म्हणता येत नाही. ‘संबंध आहे का’ एवढंच विचारता येतं, आणि त्यासाठीसुद्धा पाळी, बाळंतपणं, आहार, लोहाच्या गोळ्या यांची नोंद लागते.

मग झेपेल का ते पाहा. एनएफएचएस-५ मध्ये महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के महिलांना रक्तक्षय होता. ५४ टक्के धरून, उत्तरात पाच टक्क्यांची चूक इकडेतिकडे चालवून घेतली, तर ४ गुणिले ५४ गुणिले ४६ भागिले २५, म्हणजे ३९८ बायका लागतील. दहा टक्क्यांची चूक चालत असेल तर १००. हे फक्त प्रमाण काढण्यासाठी झालं. दोन गटांच्या तुलनेचं सूत्र वेगळं, तिथे संख्याशास्त्राच्या सरांना गाठा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा दिवसाला किती घरं होतील ते प्रामाणिकपणे धरा.

एथिक्स कमिटीचा फॉर्म भरताना एक ओळ आधी लिहा: हिमोग्लोबिन ८ च्या खाली निघालं तर त्याच दिवशी त्या बाईला कुठे पाठवणार, सोबत कोण जाणार, त्या दिवशी बुडालेल्या मजुरीचं काय. याचं उत्तर तयार नसेल तर सुई उघडू नका.

शेवटी पूर्ण प्रश्न एका कागदावर लिहून त्याच घरकुलात परत जा. तेलुगू येणाऱ्या सोबतिणीकडून दोन-तीन बायकांना तो वाचून दाखवा. ‘आमच्या घरी सून वळते, मी नाही, मग मी कुठल्या गटात?’ असं कोणी विचारलं, तर प्रश्न पुन्हा लिहायला घ्या.