स्वतःचा रिसर्च वर्गात कसा आणायचा: नवीन इंजिनिअरिंग टीचर्ससाठी

पीएचडी ताजी असली की वाटतं, रिसर्च जोरात चालला की शिकवणं आपोआप सुधारेल. नाही सुधारत. हॅटी आणि मार्श या शिक्षण-संशोधकांनी 1996 मध्ये 58 अभ्यास एकत्र करून बघितले, तर रिसर्च आणि टीचिंगमधलं कोरिलेशन निघालं 0.06, म्हणजे जवळपास शून्य. घाबरू नका, दोन्हींचं वैर आहे असा याचा अर्थ नाही. पण नातं मुद्दाम जुळवावं लागतं.

मी ज्यात अडकले ते सविस्तर सांगते, कारण आत असताना ते कळतच नाही. लेक्चरच्या शेवटी आपल्या पेपरच्या चार स्लाइड्स दाखवायच्या आणि समजायचं की रिसर्च वर्गात आला. मुलं माना डोलावतात, एखादा बरा प्रश्नही येतो, त्यामुळे सगळं छान चाललंय असंच वाटतं. पण प्रश्न निवडला आपण, विचित्र रीडिंग ठेवायचं की टाकायचं हे ठरवलं आपण, मग मुलांनी काय केलं? फक्त ऐकलं. उच्च शिक्षणाचे अभ्यासक मिक हीली यांच्या मांडणीत हाच फरक कळीचा आहे, विद्यार्थी प्रेक्षक आहे की सहभागी.

मुलांना सहभागी करून घ्यायला नवी लॅब लागत नाही. कॅन्टिलिव्हर बीमचं (एकाच टोकाला क्लॅम्प केलेल्या पट्टीचं) नेहमीचं व्हायब्रेशनचं प्रॅक्टिकल घ्या. मोजलेली नॅचरल फ्रिक्वेन्सी बहुतेक वेळा फॉर्म्युल्यापेक्षा कमी येते आणि मुलं आकडा गुपचूप जुळवून टाकतात. तिथेच थांबवायचं. क्लॅम्प खरंच पक्का आहे का, अ‍ॅक्सेलरोमीटरचं (कंपन मोजणाऱ्या सेन्सरचं) वजन बीमच्या टोकाला किती भारी पडतंय, हे कसं तपासाल ते त्यांनाच ठरवू द्या. सेन्सरशेजारी तेवढंच अजून एक वजन चिकटवून फ्रिक्वेन्सी किती उतरते ते बघणारा ग्रुप रिसर्चच करतोय, फक्त मार्क जुळलेल्या आकड्याला नाही तर फरकाच्या कारणाला आणि ते कसं तपासलं त्याला द्या, नाहीतर पुढच्या बॅचला जुनी प्रॅक्टिकलची जर्नल्सच फिरतील.

आपल्या पेपरसाठी मुलांकडून डेटा साफ करून घेणं म्हणजे प्रोजेक्ट नव्हे, हे माझं ठाम मत. हे शिकायला स्वतःसाठी मेंटर निवडताना त्यांचे पेपर मोजू नका, त्यांच्या लॅबमध्ये एक दुपार बसा आणि मुलाचा प्रयोग फसल्यावर ते उत्तर सांगतात की प्रश्न विचारतात ते बघा.

सुरुवातीला वेळ जाईल, सिलॅबस मागे पडल्यासारखा वाटेल. एका सेमिस्टरला एकच प्रॅक्टिकल बदला, बाकीची आहेत तशी चालू द्या.