बीपी मोजायची माझी रीत

उन्हातून सायकल हाणत आलेल्याला मी लगेच पट्टा बांधत नाही. पाच मिनिटं पाठ टेकून बसवते; पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला. अर्ध्या तासात चहा, खर्रा (तंबाखू-सुपारी घोटलेला) झाला का, तेही विचारते. खर्र्याचं खरं कोणी सांगत नाही, दात सांगतात! पट्टा उघड्या दंडावरच.

परवा एका काकाजींचं १६४/९६ आलं. थोड्या वेळानं पुन्हा घेतलं, १५२/९२.

"मले त काहीच होत नाही, सिस्टर."

"बीपी असंच असते, काकाजी. हृदय रक्त ढकलते तवाचा जोर वरचा आकडा, मधात इसावा घेते तवाचा खालचा."

एका दिवसावर शिक्का मारत नाही; पुन्हा बोलावते. १४०/९० किंवा वरच राहिलं तर डॉक्टरांकडे. १८०/१२० च्या वर आणि छातीत दुखतं, बोलणं अडखळतं, तर थेट १०८ ची ॲम्ब्युलन्स.