तीर्थनच्या ट्राउटसाठी पहिलं फ्लायफिशिंगचं सामान: पैसे कुठे घालायचे, कुठे वाचवायचे

तीर्थन ही हिमाचलातल्या कुलूकडची नदी, आणि ट्राउट हा तिच्या थंड पाण्यातला मासा. सुरुवातीलाच सांगते, आधी रॉड (काठी) बघू नका. आधी लाइन, म्हणजे फेकायची जाडसर दोरी बघा.

दुकानात किंवा ऑनलाइन सगळ्यांचा हात आधी रॉडकडेच जातो. चकचकीत कार्बन, कॉर्कची मूठ, किमतीही चढत्या. मी मूळची मालवणची. आमच्याकडे गरवायला जायचं म्हणजे गरीच्या वर शिसं बांधायचं आणि भिरकावायचं. शिसं पुढे, दोरी त्याच्या मागे. फ्लायफिशिंगमध्ये हे सगळं उलटं आहे. फ्लाय म्हणजे बारीक गळाला गुंडाळलेलं पीस, थोडी लोकर, थोडा दोरा. तिला वजन असं नसतंच, त्यामुळे ती फेकता येत नाही. फेकायची असते लाइन. ५ नंबरच्या लाइनच्या पहिल्या ३० फुटांचं वजन १४० ग्रेन धरतात, म्हणजे साधारण ९ ग्रॅम. हे ९ ग्रॅम हवेत मागे-पुढे जाताना रॉडला वाकवतात, रॉड सरळ होताना लाइन पुढे ढकलतो आणि लाइनच्या टोकाला फ्लाय आपसूक जाते.

म्हणून रॉडचा नंबर आणि लाइनचा नंबर एकच हवा. ५ नंबरच्या रॉडवर ३ नंबरची लाइन चढवली तर रॉड वाकणारच नाही, आणि नवशिक्याला वाटेल आपल्यालाच जमत नाही.

लाइनच्या डब्यावर डब्ल्यूएफ-५-एफ असं लिहिलेलं शोधा. डब्ल्यूएफ म्हणजे पुढच्या भागात जाड, ५ म्हणजे वजनाचा नंबर, शेवटचा एफ म्हणजे पाण्यावर तरंगणारी. एस लिहिलेली बुडणारी लाइन पहिल्या वर्षी घेऊ नका. रंग पोपटी किंवा नारिंगी चालेल. तो माशासाठी नसतो, आपली लाइन कुठे पडली ते आपल्याला दिसावं म्हणून असतो. स्वस्त कॉम्बोमध्ये (रॉड, रील, लाइन एकत्र मिळणाऱ्या सेटमध्ये) रॉड बरा, रील चालण्यासारखं आणि लाइन टाकाऊ, असं फार वेळा होतं. ओळखायची कशी? रीलवरून दहा फूट लाइन ओढा, दोन्ही हातांत धरून हळू ताणा आणि सोडा. ताणूनही ती जिलबीसारखी वेटोळी घेऊन बसत असेल तर बदला. सामानात सगळ्यात जास्त फरक ह्या एका बदलाने पडतो.

आता रॉड. ९ फुटी, ५ नंबर, ४ तुकड्यांचा. मुठीच्या वर बारीक अक्षरांत हे छापलेलं असतं, तिथेच वाचा. तीर्थन मोठी नदी नाही, गुशैणी गावाच्या वर तर खडकाखडकांतून उड्या मारत येते, म्हणून काही जण साडेआठ फुटी ४ नंबर सुचवतात. पलाचनसारख्या बाजूच्या ओढ्यांसाठी ते बरोबरही आहे. पण दुपारनंतर दरीत वारा सुटतो आणि मणी लावलेली जड फ्लायही फेकावी लागते. ५ नंबर हे दोन्ही सांभाळतो. शिवाय रॉड लांब असला की दोन खडकांमधल्या जोराच्या धारेवरून लाइन उचलून धरता येते. धारेने लाइन ओढली की फ्लाय अनैसर्गिक वेगाने पळते आणि ट्राउट तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही.

चार तुकडेच का? ९ फूट म्हणजे २७४ सेंटिमीटर. त्याचे चार भाग केले की प्रत्येक जेमतेम ७० सेंटिमीटरचा. नळी सॅकच्या बाजूला बांधता येते. दोन तुकड्यांचा रॉड स्वस्त मिळतो, पण जवळजवळ दीड मीटरची नळी घेऊन दिल्लीहून रात्रीच्या बसमध्ये चढून बघा.

रॉड किती कडक हवा, यावर अनुभवी लोक तासन् तास बोलतील. तुम्ही मीडियम-फास्ट घ्या आणि पुढे चला. फार कडक रॉडला हाताचं टायमिंग अचूक लागतं आणि ते अजून आपल्याकडे नसतं. ऑर्विसचा क्लिअरवॉटर, रेडिंग्टन किंवा एकोचे सुरुवातीचे रॉड जगभर नवशिके वापरतात. आपल्याकडे निवड कमी असते, म्हणून अमेरिकेतून येणाऱ्या भाच्या-पुतण्यांना कामाला लावा. फक्त यादी अगदी नेमकी लिहून द्या, ‘फिशिंग रॉड’ एवढंच सांगितलंत तर तो तुम्हाला समुद्राचा आणून देईल.

रीलवर पैसे उडवू नका. ट्राउटच्या मासेमारीत रील मुख्यतः लाइन ठेवायची जागा, मासा बहुतेक वेळा डाव्या हाताने लाइन ओढूनच आत घेतला जातो. ५ नंबरची लाइन आणि तिच्या खाली २० पौंडी डॅक्रॉनचं ५०-एक मीटर बॅकिंग (लाइनच्या मागे जोडायचा बारीक दोरा) मावलं की झालं. उजव्या हाताने फेकत असाल तर दांडा डावीकडे बसवून घ्या.

लाइन आणि फ्लाय यांच्या मध्ये लीडर लागतो. हा निमुळता नायलॉनचा धागा असतो, मागे जाड आणि पुढे बारीक. गरीची साधी तंगूस इथे चालत नाही, कारण जाडी हळूहळू उतरली नाही तर फ्लाय पुढे जाऊन पसरत नाही, लीडर गोळा होऊन पडतो. ९ फुटी, ४एक्स लीडर घ्या, आणि टोक संपत आलं की जोडायला ४एक्स व ५एक्स टिपेटची, म्हणजे बारीक धाग्याची, एकेक रिळं. एक्सचा हिशोब सोपा आहे. ११ मधून एक्सचा आकडा वजा करा, उरेल ती इंचाच्या हजारांश भागात जाडी. ५एक्स म्हणजे ६ हजारांश इंच, सुमारे ०.१५ मिलिमीटर. फ्लायच्या नंबरला (नंबर जितका मोठा तितकी फ्लाय लहान) ३ ने भागलं की कुठलं टिपेट लावायचं तेही कळतं: १४ नंबरला ५एक्स, १२ नंबरला ४एक्स. महागडा फ्लुरोकार्बनचा धागा नको. आणि दुकानाच्या काचेत ऊन खात पडलेलं नायलॉन फुकट दिलं तरी घेऊ नका.

फ्लायच्या बाबतीत प्रकार थोडे आणि नग जास्त, कारण तीर्थनचे खडक आणि काठच्या फांद्या आपला वाटा घेतातच. वर तरंगणाऱ्यांत पॅराशूट अ‍ॅडम्स आणि एल्क हेअर कॅडिस, दोन्ही १४ नंबर. पाण्याखाली फेझंट टेल १४ व १६, आणि मणी लावलेली हेअर्स इअर १२ व १४. शिवाय काळी किंवा शेवाळी वूली बगर, ८ किंवा १० नंबर. ट्राउट बहुतेक खाणं पाण्याखालीच खातो, म्हणून बुडणाऱ्या फ्लाय जास्त ठेवा. शंभर फ्लायचा स्वस्त सेट मोहात पाडतो. त्यातली एक काढून गळाचं टोक बुचात रोवा आणि किंचित ओढा. गळ उघडला आणि तसाच राहिला तर अख्खा सेट शोपीस म्हणून ठेवा. चांगल्या गळाच्या टोकामागचा उलटा काटा चपट्या पकडीने दाबून टाका, म्हणजे मासा इजा न होता सुटतो. नदीतला ब्राउन ट्राउट इंग्रजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कुलूत आणून सोडला, आता तो तिथेच वाढतो. तो परत सोडावा असं माझं मत. जेवणाच्या ताटात हवा असेल तर फार्मवरचा रेनबो ट्राउट मिळतो.

लाइनवर खर्च केलात, आता पायांवर करा. पाणी बर्फाचं आणि तळाचे दगड गोल, शेवाळलेले. गमबूट घालून उतरू नका. पाणी आत शिरलं की पाय उचलत नाही. बजेट असेल तर हवा खेळती राहणारा वेडर (पाण्यात उतरायची छातीपर्यंतची जलरोधक पँट), आणि त्याच्यावर कमरेचा पट्टा घट्ट बांधलेला हवाच, पडलात तर आत पाणी भरायला वेळ लागतो. बायकांनी पुरुषांच्या मापाचा वेडर घेऊ नये. कमरेत ढगळ आणि लांबीला जास्त होतो, चालताना पायांत येतो. वेडर नसेल तर लवकर वाळणारी पँट, निओप्रीनचे मोजे आणि रबरी तळव्याचे बूट एवढ्यावर एखादा तास निभावतो. बूट एक नंबर मोठे घ्या, आत जाड मोजा जातो. फेल्टचे (नमद्याचे) तळवे दगडावर उत्तम धरतात, पण वाळत नाहीत आणि एका नदीतलं शेवाळ दुसरीत नेतात. न्यूझीलंडने ते २००८ मध्ये बंदच केले. हातात ट्रेकिंगची काठी असू द्या. तीर्थनवर वर धरण नाही, पण खाली लारजी धरणाखालच्या बियासमध्ये पाऊल टाकू नका. जून २०१४ मध्ये अचानक सोडलेल्या पाण्यात हैदराबादचे इंजिनिअरिंगचे विद्यार्थी तिथेच वाहून गेले.

पोलराइज्ड चष्मा हवाच. पाण्याखालचं दिसतं आणि मागून येणाऱ्या गळापासून डोळाही वाचतो. गळ काढायला खास महागडं अवजार नको, सर्जिकलच्या दुकानातला आर्टरी फोर्सेप घ्या. टिपेट कापायला नेलकटर. जाळी घेतलीत तर रबराची, सुती जाळीने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो.

महाराष्ट्रात ट्राउट नाही, त्याला २० अंशांच्या आतलं पाणी लागतं. पण फेकायचा सराव इथेच करून जा. लीडरच्या टोकाला फ्लायऐवजी लोकरीचा तुकडा बांधा आणि हिरवळीवर उभे राहा. काँक्रीटवर नको, लाइनचं आवरण खरवडतं. वर विजेच्या तारा नाहीत ना ते आधी बघा, कार्बनमधून वीज जाते. सोसायटीतले आजोबा येऊन ‘काय पकडताय?’ विचारतील, त्याची तयारी ठेवा.

१ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर हिमाचलात ट्राउटची मासेमारी बंद असते. मार्च-एप्रिल किंवा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हे दिवस चांगले. मे-जूनमध्ये बर्फ वितळून पाणी गढूळ होतं आणि वेग वाढतो. मत्स्य विभागाचं लायसन्स काढा, ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कच्या हद्दीत जाणार असाल तर तिथली परवानगी वेगळी. विमानात गळ आणि फोर्सेप चेक-इनच्या बॅगेत टाका. दिल्ली-मनाली बसने जाणार असाल तर उतरायचं औटला, बोगद्याच्या अलीकडे. कंडक्टरला रात्रीच सांगून ठेवा, नाहीतर जाग येईल तेव्हा कुलू आलेलं असेल.